शेवटचा हात

समजा, तुमच्या हातात एक चिमटा आहे. भुवया कोरायला वापरतात तसला, बारीक टोकाचा. समोरच्या मांडणीवर रबरी बुटांचे ऐंशी जोड उलटे लटकताहेत. तळव्यांच्या खाचांत कालच्या बेटावरचा चिखल वाळून घट्ट झालाय. शेजारी ऐंशी माणसांच्या पाठपिशव्या, काठ्या, गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या. या ढिगात, कुठल्यातरी वेल्क्रोच्या दातांत, एक बी अडकलंय. मोहरीच्या निम्मं. ते तुम्हाला तासाभरात शोधायचंय. नाही सापडलं, तर ते आज अशा बेटावर उतरेल जिथे ते यापूर्वी कधी उगवलेलं नाही. सापडलं, तर तुम्हाला कोणी शाबासकी देणार नाही, कारण बुटांचे मालक त्या वेळी वरच्या मजल्यावर ऑम्लेट परत पाठवत असतील, मधे जरा ओलसर आहे म्हणून.

आता हेच अकरा हंगाम करा, आणि मग माणसांबद्दल तुमचं मत काय झालंय ते सांगा.

आमच्या जहाजावर हे काम ब्रशकाका करायचे. अकरा हंगामांत त्यांचं मत असं झालं होतं की माणूस म्हणजे बुटाच्या वर उरलेला, फारसा उपयोग नसलेला भाग.

जहाज लहान होतं आणि लहान असण्याचाच त्याला माज होता. मोठ्या जहाजांचं नाव काढलं की आमचे पाहुणे नाक मुरडायचे. तिथे म्हणे नाचगाणी असतात, जुगार असतो, माणसं नुसती खात सुटतात. इथे मोहीम असते. म्हणजे इथे खाण्याच्या आधी आणि खाण्याच्या नंतर व्याख्यान असतं. नऊ दिवस किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, रबरी होड्यांतून बेटांवर उतरायचं, सील बघायचे, समुद्रपक्षी बघायचे, नशीब असेल तर देवमासा बघायचा. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एक नारिंगी जाकीट मिळायचं. ते अंगात चढलं की निवृत्त दंतवैद्यसुद्धा कठड्याला टेकून क्षितिजाकडे असा बघायचा, जणू जमीन शोधायचं काम त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आहे.

मी त्या रबरी होड्यांची इंजिनं सांभाळायचे. माझी कार्यशाळा आणि काकांचं बूटघर यांच्यामध्ये एक पत्र्याची भिंत, आणि त्या भिंतीला वायर जायला पाडलेलं वीतभर भोक. दोन हंगाम मी त्या भोकातून काकांचं बोलणं ऐकलं. ते माझ्याशी बोलायचे असं नाही. बुटांशी बोलायचे.

“सव्वीस नंबर, तू काल पुन्हा पायवाटेच्या दोरीच्या पलीकडे गेलास. हे शेवाळ दोरीच्या पलीकडेच असतं. फोटो काढायला गेला असशील. आलं काय फोटोत? दगड. एक्केचाळीस नंबर, तुझ्या पिशवीत अर्धं बिस्कीट आहे. बेटावर खायचं काही न्यायचं नाही हे तुला तीनदा सांगितलं, आणि तीनही वेळा तू मान डोलावलीस. मान आहे तुला, एवढं सिद्ध झालं.”

पाहुणे खाली यायचे तेव्हा मात्र काका ताई, साहेब करायचे. त्यात अपमान कुठे असायचा ते पाहुण्यांना कळायचं नाही.

“काका, देवमासा आज किती वाजता?” एका बाईंनी एकदा विचारलं. गळ्यात तीन लेन्स, तिन्हींवर झाकण.

“स्वयंपाकघरात विचारा ताई. वेळा त्यांच्याकडे असतात.”

बाई खरंच विचारायला गेल्या.

सगळ्यात जास्त चीड काकांना यादीची होती. रोज संध्याकाळी मोहीमप्रमुख दिवाणखान्यात उभा राहून दिवसभरात दिसलेल्या प्राण्यांची नावं वाचायचा आणि पाहुणे छापील यादीत खुणा करायचे. डॉल्फिन गेले तेव्हा जो अंघोळ करत होता, तोही खूण करायचा. शेवटच्या दिवशी प्रमुख त्या यादीवर सही करून ती गुंडाळून, फीत बांधून द्यायचा. प्रमुख हा दाढी राखलेला, उंच, आवाज खालच्या पट्टीतला माणूस होता. पक्ष्यांवर बोलताना तो डोळे मिटून घ्यायचा. काका म्हणायचे, “डोळे मिटल्यावरच याला पक्षी दिसतात.”

काकांची स्वतःची यादी वेगळी होती. बूटघरात आरशाखाली एक जाड वही लटकलेली असायची. बुटांतून, वेल्क्रोतून, खिशांच्या शिवणीतून चिमट्यानं काढलेलं प्रत्येक बी ते पारदर्शक चिकटपट्टीनं त्या वहीत चिकटवायचे आणि खाली तारीख आणि बुटाचा नंबर लिहायचे. अकरा हंगामांच्या अकरा वह्या. जगातल्या कुठकुठल्या बागांतलं, गोल्फच्या मैदानांतलं, गोठ्यांतलं काय काय त्यांत होतं. प्रत्येक पान म्हणजे एकेका पाहुण्याविरुद्धचा पुरावा, आणि काका तो अशा प्रेमानं चाळायचे, जसे लोक लग्नाचा अल्बम चाळतात.

या सगळ्याचं टोक म्हणजे धाकटं बेट. सफरीच्या आठव्या दिवशी लागायचं. नुसती खडी, झाड नाही, झुडूप नाही. त्या उघड्या खडीतच हजारो पांढरे पक्षी अंडी घालायचे. अंडी खडीसारखीच ठिपक्यांची, आणि त्या पक्ष्यांना जमीन उघडीच लागते. गवत वाढलं की ते जागा सोडून जातात. त्यामुळे त्या बेटावर उतरायची परवानगी मोजक्या जहाजांना होती आणि अट एकच होती, की पायाबरोबर काही न्यायचं नाही. काका सांगायचे, “अकरा वर्षं. माझ्या हाताखालून एक बी तिथे गेलेलं नाही.” हे वाक्य ते जेवायला बसताना, शिडी उतरताना, दाढी करतानासुद्धा म्हणायचे.

स्वतः काका मात्र त्या बेटावर कधी उतरले नव्हते. मी एकदा भोकातून विचारलं, का.

“माझे बूट कोण तपासणार?” ते म्हणाले. “प्रमुख?”

कामाची त्यांची एक पद्धत होती आणि तिच्यात कोणी बोट घातलेलं त्यांना खपत नसे. आधी पाण्याचा फवारा, मग चिमटा, मग निर्जंतुक करणाऱ्या गुलाबी औषधाच्या टबात बूट घोट्याच्या वरपर्यंत बुडवून ठेवायचे. मग मांडणीवर निथळत ठेवायचे. आणि पाहुणा पाय घालणार त्याच्या अगदी आधी ब्रशचा एक शेवटचा हात. टाचेपासून चवड्यापर्यंत एक, पट्टीवर एक. त्यानं वेल्क्रोचे दात सरळ व्हायचे, बूट चमकायचा. ब्रश डुकराच्या कडक केसांचा, लाकडी पाठीचा, काकांच्या पंज्याएवढा. पाठीवर त्यांच्या अंगठ्याची खळगी पडली होती. तो ब्रश ते औषधात कधी बुडवत नसत, औषधानं केस सडतात म्हणून. समुद्राच्या पाण्यात खळबळायचा, झटकायचा, खुंटीला टांगायचा. आणि हंगाम संपला की कापडात गुंडाळून घरी न्यायचा.

“इथे ठेवला तर कोणीतरी त्यानं संडास घासेल,” काका म्हणायचे. हे जहाजावरच्या लोकांबद्दलचं त्यांचं सगळ्यात सौम्य मत होतं.

यंदाच्या हंगामात चौथी सफर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी प्रमुख बूटघरात आला. एरवी तो पायरीवरूनच बोलायचा.

“काका, या वेळी बेटांची तपासनीस आपल्याबरोबर येतेय. धाकटं बेट पायी पिंजून काढणार.”

“काढू दे.”

“कंपनी बूट धुण्याचं मशीन घ्यायचं म्हणतेय. तीन फिरते ब्रश, औषधाची आपोआप फवारणी. एका तासात ऐंशी जोड. माणूस लागत नाही.” त्यानं डोळे मिटले. “मी त्यांना म्हटलं, आधी तपासणी होऊ दे. बेट स्वच्छ निघालं तर बूटघर आहे तसं राहील. नाहीतर मशीन.”

“आणि मी?”

“तुम्हाला काढतंय कोण? टॉवेल विभागात माणूस कमीच आहे.”

तो गेल्यावर पलीकडून ब्रश झटकल्याचा आवाज आला. मग काका भोकाशी येऊन म्हणाले, “इंजिनवाली, ऐकलंस? टॉवेल. ज्यांचे पाय मी अकरा वर्षं पुसले, त्यांची आता अंगं पुसू.” आणि हसले. त्यांना खात्री होती. मलाही होती. त्या सफरीत त्यांनी चिमटा असा चालवला की एका पाहुण्याच्या टोपीच्या शिवणीतून चिकूच्या बीएवढं काहीतरी काढलं, आणि ते बटण निघालं. तेही त्यांनी वहीत चिकटवलं.

आठव्या दिवशी सकाळी तपासनीस निघाली. चाळिशीची बाई, अंगानं बारीक, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. पाहुण्यांना त्या सकाळी जहाजावरच थांबवलं होतं आणि ते त्याबद्दल कठड्यावर रांगेनं नाराज होते. होडी मी चालवत होते, कारण तिचं इंजिन दोन दिवस खोकत होतं. प्रमुख कॅमेरा घेऊन बसला होता. आणि काका. त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं, “मला बघायचंय.” त्यांनी स्वतःचे बूट आमच्यासमोर धुतले, चिमट्यानं तपासले, टबात बुडवले आणि शेवटचा हात मारला. तपासनीस ते सगळं बघत होती.

बेटावर पाय ठेवला तसे पक्षी डोक्यावर तुटून पडायला लागले. प्रमुख काठी डोक्यावर धरून चालत होता. काका मात्र टोपी काढून चालले होते, जणू स्वागतच चाललंय. दोरीनं आखलेली पायवाट किनाऱ्यापासून वर जाते. तपासनीस त्या दोरीच्या कडेकडेनं, वाकून, पावलापावलाला थांबत होती. काका तिच्या दहा पावलं पुढे होते. तेच आधी थांबले.

खडीतून गवताचा एक झुबका वर आला होता. जेवणाच्या ताटाएवढा. त्याच्या पुढे एक, बशीएवढा. मग आणखी चार, पायवाटेच्या कडेनं, शिस्तीत. आजवर इथे उतरलेले सगळे वर, पक्ष्यांकडे बघत चालले होते.

तपासनीस गुडघ्यावर बसली. एक काडी तिनं ओरबाडून घेतली. बारीक टोकदार बी आणि त्याला मागे शेपटीसारखं लांब कुसळ. “कुसळी गवत,” ती म्हणाली. “ओल लागली की हे कुसळ पिळतं आणि बी स्क्रूसारखं खडीत घुसतं. एवढा झुबका व्हायला चार वर्षं तरी लागली असतील. जास्तही.”

“चार वर्षं म्हणजे त्या बटणाच्या टोपीवाल्यासारखा कुणीतरी,” काका लगेच म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण जिभेला काही झालं नव्हतं. “किंवा ती तीन लेन्सवाली. तिच्यासारखी दर सफरीत एक असतेच. इथे बसून फोटो काढले असतील, खिसे झटकले असतील. ही माणसं घरून माती घेऊन येतात हो. आम्ही वेल्क्रो तपासतो, त्यांची मनं कुठे तपासायची? आणि प्रमुखसाहेब दोरीच्या पलीकडे जाऊन व्याख्यान देतात, त्यांच्या बुटांना हात लावायची आम्हाला परवानगी नाही.”

“माझ्या बुटांचा काय संबंध?” प्रमुख म्हणाला. या वेळी त्याचे डोळे उघडे होते.

“तुमच्या वह्या आहेत ना?” तपासनीसनं काकांना विचारलं. “त्या बघू.”

जहाजावर परत आल्यावर ती थेट बूटघरात गेली. मी इंजिनाचं झाकण उघडून बसले, पण हात चालत नव्हता. भोकातून सगळं दिसत होतं. ती बाकावर बसून एकेक वही उलटत होती, पानावर बोट फिरवत. काका शेजारी उभे राहून माहिती पुरवत होते. हे एका आमदाराच्या बुटातलं. हे घोडेवाल्याचं. या बाईनं मला स्वच्छतेवर भाषण दिलं होतं, आणि हे बघा तिच्या मोज्यातलं. अकरा वह्या व्हायला दीड तास लागला.

“काम फार चांगलं आहे,” ती शेवटी म्हणाली.

काकांनी माझ्याकडे, म्हणजे भोकाकडे, बघितलं.

“इतकं चांगलं आहे, म्हणूनच विचारते,” ती म्हणाली. “अकरा वर्षांत कुसळी गवताचं एकही बी तुम्ही वहीत चिकटवलेलं नाही. दुसऱ्या जातींची शेकडो आहेत. हे एकही नाही. पाहुण्यांनी आणलं असतं, तर एखादं तरी तुमच्या चिमट्यात आलं असतं की नाही?”

“आलं असतं,” काका म्हणाले. नाही म्हणायची त्यांची हिंमत नव्हती. नाही म्हटलं असतं तर अकरा वह्याच खोट्या पडल्या असत्या.

“आणि हे गवत पाहुण्यांच्या देशांतलं नाही. बंदराच्या गावातलं आहे. घरांमागे, गटारांच्या कडेला. पाहुणे विमानतळावरून बसनं येतात आणि थेट जहाजावर चढतात. गावात ते पाय ठेवत नाहीत.” तिनं खुंटीकडे बोट केलं. “तो ब्रश बघू.”

काकांनी तो खुंटीवरून काढून, बाहीनं पुसून, तिच्या हातात दिला. देताना ते म्हणाले, “औषधात बुडवत नाही मी. केस सडतात.” हे त्यांनी अभिमानानं सांगितलं.

तिनं पांढरा कागद पसरला आणि ब्रश त्यावर आपटला. काही पडलं नाही. काकांच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू परत आलं, पाहुण्यांसाठी ठेवलेलं. मग तिनं त्यांचाच चिमटा उचलला. ब्रशचे केस बोटांनी दुभंगून, जिथे ते लाकडात शिरतात तिथपर्यंत टोक नेलं आणि ओढलं. एक कुसळ आलं. पुन्हा ओढलं. दुसरं आलं, त्याला बी होतं. तिसऱ्या वेळी बीबरोबर एक लांब, तपकिरी, मऊ केस आला.

“हा डुकराचा नाही,” ती म्हणाली.

“कुणातरी पाहुण्याच्या कोटाचा असेल,” काका म्हणाले. पण आवाज फारच हळू होता, आणि मी त्यांच्या घरी दोनदा जेवले होते. तो केस कोणाचा ते मला भिंतीपलीकडूनही ओळखता आलं.

बंदरात पोचेपर्यंत सगळं ठरलं होतं. पुढची तीन वर्षं धाकटं बेट आमच्या जहाजाला बंद. मशीन पुढच्या महिन्यात, आणि ते बसवायचं काम माझ्याकडे. त्या संध्याकाळी प्रमुखानं यादी वाचताना धाकट्या बेटावरच्या पांढऱ्या पक्ष्यांचंही नाव घेतलं. पाहुण्यांपैकी बेटावर कोणीही उतरलं नव्हतं. ऐंशी जणांनी खूण केली.

पाहुणे उतरले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी काकांच्या घरी गेले, कारण काकूंच्या कपडे धुण्याच्या मशीनमधून पाणी बाहेर पडत नव्हतं आणि मी ते बघेन असं मागेच कबूल केलं होतं. बंदरामागच्या गल्लीतलं शेवटचं घर. मागच्या दारातून गटारापर्यंत कुसळी गवत पोटरीएवढं वाढलेलं. त्यातून काकांचा कुत्रा पळत आला. लांब केसांचा, तपकिरी. पोटाखालून कुसळांच्या झालरी लोंबत होत्या.

काका स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. समोर ब्रश, कापड सोडलेलं. जहाजावरून आणताना त्यांनी तो कोणाला दाखवला नव्हता. मी मशीन पुढे ओढून त्याच्या मागे बसले.

“हा ब्रश तू कुत्र्याला लावतेस?” त्यांनी विचारलं.

“लावते की,” काकू म्हणाल्या. त्या बाहेर जाऊन कुत्र्याला आत घेऊन आल्या होत्या. “सहा महिने कपाटात नुसता पडून असतो. चांगले कडक केस आहेत. त्याच्या अंगातली कुसळं दुसऱ्या कशानं निघत नाहीत. नंतर झटकून ठेवते मी, घाणेरडी नाही ठेवत तुमची वस्तू.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तुम्हाला काय सांगायचं? घरात आलात की आमच्या सगळ्यांची पायताणं बघून नाक मुरडता. आणखी एक विषय कशाला द्यायचा?”

मी गाळणीचं झाकण फिरवलं. आत नाणं नव्हतं, चिंधी नव्हती. तपकिरी केसांचा आणि कुसळांचा गोळा होता, मुठीएवढा. मी तो फरशीवर ठेवला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. एखाद्या पाहुण्याच्या बुटात तो सापडला असता तर आठवडाभर पुरला असता त्यांना.

“कधीपासून लावतेस?”

“हा आला तेव्हापासून.”

“म्हणजे पाच वर्षं.” त्यांनी बोटं मिटली, उघडली. तोंडातल्या तोंडात पुटपुटले. मग माझ्याकडे वळून, जरा सावरून बसत म्हणाले, “अकरातून पाच गेली. सहा राहिली. सहा वर्षं तर स्वच्छ होती ना, इंजिनवाली? झुबका चार वर्षांचा म्हणाली ती.”

“चार तरी, असं म्हणाली,” मी म्हटलं. “जास्तही असेल म्हणाली.”

त्यांना ते आवडलं नाही. मशीन चालू करून बघितलं, पाणी जायला लागलं. त्या घरघरीत काका उठले, कुत्र्याजवळ उकिडवे बसले आणि त्याच्या पोटाखालचं एक कुसळ दोन बोटांत धरून ओढलं. चिमटा जहाजावरच राहिला होता. कुसळ तुटलं, बी आतच राहिलं.

“याच्या आधी ती काळी होती आपल्याकडे,” ते कुत्र्याकडे बघतच म्हणाले.

“हो. गरीब होती बिचारी.”

“तिलाही विंचरायचीस ना?”

“विंचरायचे.”

“कशानं?”

“आता इतक्या वर्षांपूर्वीचं काय आठवतंय मला,” काकू म्हणाल्या आणि पाण्याचं भांडं घेऊन मोरीकडे गेल्या.

मी मशीन बंद केलं, निदान उत्तर आलं तर ऐकू यावं म्हणून. काका दारापर्यंत गेले. मी काय, अकरा वर्षांत बुटांनीसुद्धा त्यांना त्या आवाजात बोलताना ऐकलं नसेल.

“आठव ना जरा. त्या काळीला तू कशानं विंचरायचीस?”